मांडीतली गोळी आणि पेन्शनचा अर्ज

जुलै १७८२. न्यूयॉर्कच्या उत्तरेला, हडसन नदीकाठच्या टॅरीटाउन गावाजवळ अमेरिकी लाइट इन्फंट्रीची एक तुकडी शत्रुपक्षाच्या टोळीशी भिडली. चकमक लहान होती आणि युद्धाच्या मोठ्या इतिहासात तिला जेमतेम जागा मिळते. तीत रॉबर्ट शर्टलिफ नावाचा एक शिपाई जखमी झाला. साथीदारांनी त्याला उचलून वैद्यांकडे नेले. त्याने कपाळावरच्या जखमेवर मलमपट्टी करून घेतली, पण मांडीत घुसलेल्या गोळीविषयी चकार शब्द काढला नाही. पुढे प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्तानुसार संधी मिळताच तो तेथून निसटला. लेखणी तासायचा चाकू आणि शिवणाची सुई एवढ्याच साधनांनिशी त्याने एक गोळी स्वतःच उकरून काढली. दुसरी फार खोल रुतली होती, ती तशीच राहिली.

या मौनाचे कारण साधे होते. मांडीवरचे कपडे वैद्याने उतरवले असते, तर रॉबर्ट शर्टलिफ हा पुरुष नाही हे तत्काळ उघड झाले असते.

त्या शिपायाचे खरे नाव डेबोरा सॅम्पसन. तिने पुरुषवेषात बजावलेली सैन्यसेवा पुष्कळांनी ऐकलेली असते. त्यानंतरची चाळीसहून अधिक वर्षे मात्र फारशी सांगितली जात नाहीत, आणि खरी झुंज त्या वर्षांतच झाली. जी जखम जगापासून लपवण्यात तिने जिवाची बाजी लावली, तीच जखम पुढे सरकारदरबारी सिद्ध करण्याची पाळी तिच्यावर आली.

डेबोराचा जन्म १७ डिसेंबर १७६० रोजी मॅसॅच्युसेट्समधील प्लिम्प्टन येथे झाला. आईकडून तिचे मूळ प्लिमथ वसाहतीचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड याच्यापर्यंत पोचत होते, पण घरात दारिद्र्य होते. वडील कुटुंबाला सोडून गेले आणि मुले नातलगांत व परक्यांत विखुरली. डेबोरा मिडलबरो येथील एका शेतकरी कुटुंबात करारबद्ध चाकर म्हणून राबली. अठराव्या वर्षी त्या करारातून मुक्त झाल्यावर उन्हाळ्यात शाळेत शिकवणे आणि हिवाळ्यात हातमागावर विणणे यांवर तिची गुजराण चालली.

१७८२ च्या आरंभी तिने सैन्यभरतीचा पहिला प्रयत्न केला आणि तो फसला. दीर्घकाळ या प्रसंगाला दंतकथेचाच आधार होता. २०१९ मध्ये फिलाडेल्फियाच्या अमेरिकन क्रांती संग्रहालयाने अ‍ॅबनर वेस्टन या मॅसॅच्युसेट्सच्या कॉर्पोरलची रोजनिशी मिळवल्याचे जाहीर केले. तीत जानेवारी १७८२ मधील ही घटना नोंदलेली आहे: गावातल्या एका तरुणीने पुरुषी कपडे घालून नाव नोंदवले आणि ती पकडली गेली. या नोंदीमुळे दंतकथेतला एक तुकडा इतिहासात जमा झाला. मिडलबरोच्या बाप्टिस्ट चर्चने पुढे याच वर्तनासाठी तिला बहिष्कृत केले. तोवर ती गाव सोडून गेलीही होती.

दुसऱ्या खेपेस तिने ओळखीचा मुलूख टाळला. मे १७८२ मध्ये ती मॅसॅच्युसेट्सच्या चौथ्या रेजिमेंटमध्ये, कॅप्टन जॉर्ज वेबच्या कंपनीत दाखल झाली. दाढी न फुटलेले कोवळे पोर एवढीच तिची ओळख होती. सैन्यात तशी पोरे पुष्कळ असल्यामुळे कुणाला विशेष शंका आली नाही. नेमणूक वेस्टचेस्टर परगण्यात झाली. हा दोन्ही सैन्यांच्या मधला उजाड पट्टा होता. तेथे मोठ्या लढाया होत नसत. चालत असत त्या लुटालूट, पाळत आणि अचानक गाठून केलेल्या चकमकी. टॅरीटाउनची चकमक अशांपैकीच एक.

१७८३ मध्ये तिला जनरल जॉन पॅटरसनचा खासगी सेवक म्हणून निवडण्यात आले. त्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात ती तापाने बेशुद्ध पडली आणि तेथे डॉक्टर बार्नबस बिनी यांना तिचे गुपित कळले. त्यांनी गवगवा केला नाही, उलट तिला स्वतःच्या घरी ठेवून बरे केले. पुढे वरिष्ठांना सत्य कळले, तेव्हाही शिक्षा झाली नाही. २५ ऑक्टोबर १७८३ रोजी तिला सन्मानपूर्वक सेवामुक्त करण्यात आले. एकूण सेवा सुमारे सतरा महिन्यांची.

येथे एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. टॅरीटाउनच्या चकमकीनंतर महिनाभराने, ७ ऑगस्ट १७८२ रोजी, जॉर्ज वॉशिंग्टनने न्यूबर्गच्या मुख्यालयातून सामान्य शिपायांसाठी एक सन्मानचिन्ह जाहीर केले. ते जांभळ्या कापडाचे हृदय होते. आजच्या 'पर्पल हार्ट'चा उगम तोच. पण मुळात ते पराक्रमासाठी होते, जखमेसाठी नव्हे. जखमी सैनिकाला द्यायचे पदक म्हणून त्याचे पुनरुज्जीवन व्हायला १९३२ साल उजाडावे लागले. अठराव्या शतकातील सैनिकाच्या जखमेला पदक मिळत नसे. तिची दखल घेण्याचा मार्ग एकच होता, तो म्हणजे पेन्शन.

या पेन्शनचा पाया ऑगस्ट १७७६ मध्येच घातला गेला होता. लढताना हातपाय गमावलेल्या किंवा उपजीविकेस असमर्थ झालेल्या सैनिकास अर्धा पगार देण्याचा ठराव काँग्रेसने केला. आश्वासन उदार होते, तिजोरी मात्र रिकामी. पुढची अनेक वर्षे हा भार राज्यांनीच कसाबसा वाहिला.

नवे संघराज्य स्थापन झाल्यावर १७९२ मध्ये काँग्रेसने अपंग सैनिकांचे दावे तपासण्याचे काम संघीय न्यायाधीशांकडे सोपवले. न्यायाधीश निर्णय देणार आणि युद्धमंत्री तो फिरवू शकणार, अशी ती रचना होती. अनेक न्यायाधीशांनी हे काम करण्यास नकार दिला. न्यायनिवाड्यावर मंत्र्याची कुरघोडी राज्यघटनेत बसत नाही, ही त्यांची हरकत. हा वाद 'हेबर्न खटला' या नावाने अमेरिकी घटनात्मक इतिहासात अमर झाला. कायद्याचे विद्यार्थी तो आजही अभ्यासतात. त्या खटल्यातला विल्यम हेबर्न हा स्वतः पेन्शनसाठी दाद मागणारा जखमी सैनिक होता, हे मात्र त्यांच्यापैकी किती जणांच्या ध्यानात राहत असेल, कोण जाणे.

१७९३ मध्ये सुधारित कायदा आला आणि पुराव्याच्या अटी स्पष्ट झाल्या. जखम कर्तव्य बजावताना झाली याबद्दल अधिकाऱ्याची किंवा विश्वासार्ह साक्षीदारांची साक्ष हवी. दोन वैद्यांनी शरीर तपासून अपंगत्वाचे स्वरूप लिहून द्यायला हवे. या काळातील पेन्शन कायद्यांच्या शीर्षकांतच 'ज्ञात जखमा' असा शब्दप्रयोग आढळतो. ज्ञात म्हणजे झाल्या वेळी लोकांनी पाहिलेल्या, कागदावर आलेल्या जखमा. ज्या शिपायाने आपली जखम कुणालाच पाहू दिली नाही, त्याने या चौकटीत कसे बसायचे? तिच्या रेजिमेंटच्या वैद्याने काही लिहिले नव्हते, कारण त्याला काही दिसलेच नव्हते.

याच्या उलट मार्गारेट कॉर्बिनचे उदाहरण आहे. नोव्हेंबर १७७६ मध्ये फोर्ट वॉशिंग्टनच्या लढाईत तोफेवर असलेला तिचा नवरा पडला. तिने त्याची जागा घेतली आणि छऱ्यांच्या माऱ्याने तिचा एक हात कायमचा निकामी झाला. हे सर्वांच्या देखत घडले. जुलै १७७९ मध्ये काँग्रेसने तिला आजीवन अर्धा पगार आणि कपड्यांचा एक जोड मंजूर केला. म्हणजे स्त्रीच्या युद्धजखमेला पैसा देण्याची सरकारला तत्त्वतः अडचण नव्हती. अडचण होती ती न दिसलेल्या जखमेची.

डेबोराने एप्रिल १७८५ मध्ये बेंजामिन गॅनेट या शेतकऱ्याशी विवाह केला. शॅरन गावी संसार मांडला. तीन मुले झाली आणि एक मुलगी त्यांनी सांभाळायला घेतली. जमीन थोडी आणि तीही निकस. मांडीत राहिलेल्या गोळीमुळे शेतीची जड कामे तिच्या आवाक्याबाहेर होती.

जानेवारी १७९२ मध्ये तिने मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाकडे पहिला अर्ज केला. मागणी जखमेच्या भरपाईची नव्हती, थकलेल्या पगाराची होती. आपण स्त्री असल्यामुळे पगार मिळवण्याची रीत आपल्याला ठाऊक नव्हती आणि सेवेबद्दल आजवर छदामही हाती आला नाही, असा तिचा युक्तिवाद होता. अर्जात भरतीची तारीख, रेजिमेंट, कॅप्टन वेबचे नाव आणि टॅरीटाउनला जखमी झाल्याचा उल्लेख, असे सारे आटोपशीरपणे आले आहे. विधिमंडळाने व्याजासह ३४ पौंड मंजूर केले आणि त्या ठरावावर गव्हर्नर जॉन हॅनकॉक यांची सही झाली. ठरावात तिच्या शौर्याचा गौरव आहे. त्याच दमात, तिचे शील सैन्यात असतानाही निष्कलंक राहिले, असा दाखलाही आहे. कोणत्याही पुरुष शिपायाच्या पगाराच्या ठरावात असे वाक्य शोधून सापडायचे नाही.

१७९७ हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे. त्या वर्षी तिने थेट काँग्रेसकडे मागणी केली. कवी फिलिप फ्रेनो याने तिच्या बाजूने कविता लिहिली, पण पदरात काही पडले नाही. त्याच वर्षी हर्मन मान या लेखकाने 'द फिमेल रिव्ह्यू' हे तिचे चरित्र प्रसिद्ध केले. आपल्याकडच्या बखरी वाचलेल्यांना हा प्रकार चांगला परिचित वाटेल. व्यक्ती खरी, घटनांचा गाभा खरा, पण त्यावर अलंकारांचे आणि अद्भुताचे इतके थर की मूळ धातू शोधावा लागतो. मानने तिला यॉर्कटाउनच्या निर्णायक वेढ्यातही नेऊन बसवले. तो वेढा ऑक्टोबर १७८१ मध्ये संपला होता आणि तिची भरती मे १७८२ मधली. चाकूने गोळी काढल्याचा प्रसंगही मुख्यतः याच चरित्रातून आपल्यापर्यंत आला आहे. निरनिराळ्या कथनांत जखमेचे तपशील बदलत जातात. तरीही जखम झाली हे नाकारण्यास आधार नाही, कारण पुस्तक निघण्याआधी पाच वर्षे, १७९२ च्या अर्जात, तिने ती शांतपणे नमूद केली होती. बखरीपेक्षा अर्ज अधिक विश्वासार्ह, हा नियम येथेही लागू पडतो. फक्त अर्जालाही स्वतःचा हेतू असतो, हे विसरता येत नाही.

१८०२ मध्ये तिने एक वेगळाच मार्ग धरला. बॉस्टनच्या रंगमंचावर उभे राहून तिने आपली कहाणी सांगितली, मग गणवेश चढवून बंदुकीची संपूर्ण कवायत करून दाखवली. पुढे वर्षभर ती न्यू इंग्लंड आणि न्यूयॉर्क राज्यातील गावोगावी फिरली. अमेरिकेत तिकीट लावून सार्वजनिक व्याख्याने देणाऱ्या आरंभीच्या स्त्रियांत तिची गणना होते. भाषण बव्हंशी मानच्या लेखणीतले होते. त्यात स्त्रीसाठी ठरलेल्या मर्यादा ओलांडल्याबद्दल क्षमायाचनेचा सूर आहे, आणि त्यानंतर लगेच ती निर्दोष कवायत. श्रोत्यांनी कशावर विश्वास ठेवला असेल, शब्दांवर की हातांवर?

प्रवासातून मिळालेला पैसा टिकला नाही. मग तिच्या मदतीला पॉल रिव्हिअर आला. १७७५ मध्ये रात्री घोडा दौडवून ब्रिटिश फौज निघाल्याची वर्दी देणारा तो हाच. आता तो शेजारच्या कँटन गावी तांब्याचे पत्रे काढणारा कारखानदार होता. फेब्रुवारी १८०४ मध्ये त्याने काँग्रेसचे सदस्य विल्यम यूस्टिस यांना पत्र लिहिले. तिच्याविषयी चौकशी केल्यावर प्रत्येक जण तिच्याबद्दल चांगलेच बोलला, असे त्यात आहे. सैनिक म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे उंच, पुरुषी, अडाणी बाई उभी राहिली होती, प्रत्यक्षात भेटली ती लहानखुरी, नाजूक, संभाषणचतुर स्त्री, असे तो सांगतो. तिची ढासळलेली प्रकृती सैन्यातल्या हालांचाच परिणाम आहे आणि ती सैन्यात जखमी झाली होती, याविषयी त्याने निःशंक ग्वाही दिली. गंमत अशी की इतर वर्णनांत डेबोरा उंच म्हणून येते. वकिली करताना अशिलाची उंची थोडी कमी करावी लागते, हे रिव्हिअरला उमगले असावे. ज्याला पत्र लिहिले तो यूस्टिस स्वतः क्रांतियुद्धात वैद्य होता. निवड चुकली नव्हती.

मार्च १८०५ मध्ये डेबोरा गॅनेटचे नाव मॅसॅच्युसेट्सच्या अपंग सैनिकांच्या पेन्शन यादीत चढले. दरमहा ४ डॉलर, १ जानेवारी १८०३ पासून लागू. जखमेला बावीस वर्षे उलटून गेली होती. ते अपुरे होतेच. पुढच्याच वर्षी घरात आजारपण असताना तिने रिव्हिअरकडे दहा डॉलर उसने मागितले. ते पत्र टिकून आहे. रंगमंचावरच्या अलंकारिक भाषेपेक्षा त्या पत्रातील संकोच अधिक खरा वाटतो.

१८०९ मध्ये तिने पुन्हा काँग्रेसचे दार ठोठावले. आता मागणी अशी की पेन्शन १८०३ पासून नव्हे, सेवामुक्तीच्या दिवसापासून, म्हणजे १७८३ पासून धरावे. हिशेब सरळ आहे. वर्षाला ४८ डॉलर, साधारण वीस वर्षे, म्हणजे ९६० डॉलर. पैशाच्या पलीकडेही या मागणीत एक मुद्दा होता. गोळी १८०३ साली मांडीत शिरली नव्हती. सरकारने जखम मान्य केली तो दिवस आणि जखम झाली तो दिवस यांत वीस वर्षांचे अंतर होते, आणि ती वर्षे कुणाच्या खाती टाकायची हा प्रश्न तिने विचारला. मागणी नामंजूर झाली. १८१६ मध्ये तिचे पेन्शन वाढून वर्षाला ७६ डॉलर ८० सेंट झाले, एवढेच.

मग १८१८ चा कायदा आला. त्यात जखमेची अटच नव्हती. कॉन्टिनेंटल सैन्यात किमान नऊ महिने सेवा केलेल्या गरजू शिपायाला दरमहा ८ डॉलर मिळणार होते, मात्र आधीचे पेन्शन सोडून द्यावे लागे. त्या सप्टेंबरमध्ये डेबोराने न्यायाधीशासमोर शपथेवर निवेदन दिले आणि अपंगत्वाच्या पेन्शनवरचा हक्क सोडला. आर्थिकदृष्ट्या निर्णय योग्यच होता. पण ज्या जखमेच्या मान्यतेसाठी बावीस वर्षे गेली, ती कागदावरून पुसली गेली. तिची जागा दारिद्र्याने घेतली.

या शपथपत्रात एक घोटाळा आहे. भरती एप्रिल १७८१ मध्ये झाली आणि लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या शरणागतीच्या वेळी आपण हजर होतो, असे ती त्यात म्हणते. १७९२ च्या तिच्याच अर्जाशी हे जुळत नाही आणि सैन्याच्या हजेरीपटांशीही नाही. तिचे चिकित्सक चरित्र लिहिणारे इतिहासकार आल्फ्रेड यंग यांनी या विसंगतींची कसून छाननी केली आहे. कायद्याला या असत्याची गरज नव्हती, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. तिची सतरा महिन्यांची खरी सेवा नऊ महिन्यांच्या अटीला पुरून उरत होती. तेव्हा लोभाचे स्पष्टीकरण लटके पडते. एकवीस वर्षे पुस्तकातून आणि रंगमंचावरून सांगितलेली कथा आता तिची स्वतःची आठवण बनली असावी, किंवा छापून आलेल्या कथेला शपथेवर खोटे ठरवण्याचे धैर्य उरले नसावे. दोन्ही शक्यता मानवी आहेत. पण या एका वाक्यामुळे नंतरच्या काही लेखकांनी तिच्या उरलेल्या सर्व म्हणण्यावर, जखमेवरसुद्धा, शंका घेतली. एका बनावट यॉर्कटाउनची किंमत खऱ्या टॅरीटाउनने मोजली.

२९ एप्रिल १८२७ रोजी, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, डेबोरा शॅरन येथे वारली.

आजचा तिचा लौकिक सर्वश्रुत आहे. १९८३ मध्ये मॅसॅच्युसेट्सने तिला राज्याची अधिकृत वीरांगना घोषित केले. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेत माजी स्त्री सैनिकांच्या आरोग्यसेवेविषयीचा कायदा झाला, त्यालाही तिचेच नाव दिले गेले. मात्र जखमेचा शेवटचा हिशेब याच्या पुष्कळ आधी, तिच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, पुरा झाला.

१८३१ मध्ये तिच्या पतीने काँग्रेसकडे अर्ज केला. सैनिकांच्या विधवांना पेन्शन मिळते, तर सैनिकाच्या विधुराला का नाही? पत्नीच्या दुखण्यावर वर्षानुवर्षे झालेल्या खर्चाने आपण खंगलो आहोत, असे त्याचे म्हणणे. कायद्यात विधुर हा शब्दच नव्हता. शिवाय सैन्यात असताना तिचे लग्नही झालेले नव्हते. तरी १८३७ मध्ये समितीने त्याच्या बाजूने कौल दिला. निर्णय कानी पडण्याआधीच, त्या जानेवारीत, बेंजामिन मरण पावला होता. जुलै १८३८ मध्ये काँग्रेसने खास कायदा करून वारसांना ४६६ डॉलर ६६ सेंट दिले. आकडा विचित्र दिसतो, पण त्यामागे कारकुनी काटेकोरपणा आहे: वर्षाला ८० डॉलर या दराने, मार्च १८३१ पासून बेंजामिनच्या मृत्यूपर्यंतची पाच वर्षे दहा महिने.

स्त्रीच्या शौर्याचे, निष्ठेचे आणि धैर्याचे असे दुसरे उदाहरण क्रांतियुद्धाच्या साऱ्या इतिहासात नाही, असे समितीने आपल्या अहवालात लिहिले. मार्गारेट कॉर्बिनला अर्धा पगार देणारा जुलै १७७९ चा ठराव काँग्रेसच्या स्वतःच्याच कामकाज-वहीत नोंदलेला होता.